क्योऽबोऽ : हिंसकपणाचा एक अवघड जपानी शब्द नीट कसा आत्मसात करावा

जपानीच्या वरच्या पातळीवर पोचलेल्या विद्यार्थ्याला शब्दांचा एक गठ्ठा हमखास अडवतो : रानबोऽ, सोबोऽ, क्योऽबोऽ, ओऽबोऽ, दोऽमोऽ, क्योऽआकु. कोश उघडला तर सगळ्यांपुढे हिंसक, उग्र, क्रूर हेच अर्थ फिरून फिरून येतात. त्यात आपल्याकडचा विद्यार्थी बहुधा इंग्रजी-जपानी कोश वापरतो, आणि तिथे एकाच इंग्रजी शब्दाखाली हे चार-पाच शब्द एका ओळीत बसवलेले असतात. मग परीक्षेत पर्याय चुकतो आणि बोलताना समोरचा जपानी माणूस क्षणभर थबकतो.

खरे तर मराठी माणसाला हा गुंता सोडवणे सोपे आहे. धसमुसळा, दांडगट, हिंस्र, चवताळलेला, अरेरावी करणारा या शब्दांची आपण बोलताना कधीच गल्लत करत नाही. धसमुसळ्या मुलाला कुणी हिंस्र म्हणत नाही आणि वाघाला कुणी अरेरावी म्हणत नाही. तीच फोड जपानीत आहे. म्हणून इथे क्योऽबोऽ हा शब्द मध्यभागी ठेवला आहे आणि बाकीचे त्याच्याभोवती मांडले आहेत. लेखात ऽ ही खूण म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा.

आधी कान आणि जीभ

क्योऽबोऽ मध्ये चार मात्रा आहेत : क्यो-ओ-बो-ओ. प्रत्येक मात्रेला एक टाळी द्या, चार टाळ्या सारख्या अंतराने पडल्या पाहिजेत. हायकूच्या ५-७-५ मध्ये मोजतात त्याच या मात्रा.

मराठी माणूस नेमका इथे घसरतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या छंदशास्त्रात ओ नेहमी गुरू. ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ असा भेद आपण कानाने करतच नाही. जपानीत मात्र ओ लघू असतो आणि लांबवला की दोन मात्रांचा होतो. त्यामुळे आपल्या तोंडी हे शब्द अर्धवट लांबीचे येतात. जपानी कानाला तो बोलण्याचा ढंग वाटत नाही, शब्दच चुकल्यासारखा वाटतो. तपासून पाहायला एक जोडी पुरेशी आहे : दोऽमो म्हणजे आभार मानताना म्हणतात तो शब्द, तीन मात्रांचा. दोऽमोऽ म्हणजे हिंस्र, चार मात्रांचा. ही जोडी न अडखळता दहा वेळा म्हणता आली की क्योऽबोऽ आपोआप सुधारतो.

रानबोऽ मध्ये मात्र आपण जन्मतःच पुढे आहोत. ब च्या आधीचा न तिथे म् सारखा होतो, आंब्यातल्या अनुस्वारासारखा. रांबोऽ असे सहज म्हणा, बरोबर येते.

संगणकावर टंकताना रोमन किल्ल्या के-वाय-ओ-यू-बी-ओ-यू या क्रमाने दाबायच्या. दोन्ही यू आवश्यक आहेत. एक जरी गळला तरी हवी ती कांजी (चिनीतून आलेले अर्थवाचक अक्षर) पुढे येणार नाही. सात किल्ल्या दाबून स्पेस दिला की पर्यायांची यादी उघडते, आणि त्यात आपल्याला हवा तो शब्द एकटाच नसतो. क्योऽबोऽ असाच उच्चार असलेला, ‘संगनमताने कट रचणे’ या अर्थाचा दुसरा शब्द बातम्यांत सतत येतो. २०१७ साली जपानी संसदेने दहशतवादी कृत्यांच्या तयारीविषयीचा कायदा केला तेव्हा विरोधक त्याला क्योऽबोऽझाइ, म्हणजे कटाचा गुन्हा, म्हणत होते. तिसऱ्या शब्दाचा उच्चारही तोच, पण पहिली कांजी वेडाची. त्याच्याकडे पुढे येऊ.

दोन कांजी, हाताने

पहिली कांजी क्योऽ. चारच रेघांची. आधी डावीकडे उतरणारी तिरपी रेघ, मग तिला छेदणारी दुसरी तिरपी, म्हणजे फुली झाली. नंतर डावी उभी रेघ खाली येऊन तशीच उजवीकडे वळते (ही एकच रेघ), आणि शेवटी उजवी उभी. वरून उघड्या खोक्यात फुली, असे चित्र. चूक होते ती क्रमात : बरेच जण आधी खोके काढतात आणि मग आत फुली कोंबतात. वरच्या बाजूला झाकण घालू नका, घातले तर ही कांजी उरत नाही.

हिचा अर्थ ‘अशुभ, अनिष्ट’. मंदिरात भविष्याची चिठ्ठी काढतात, तिच्यावर वाईट कौल म्हणून हीच कांजी असते. तोक्योतल्या आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात १०० चिठ्ठ्यांपैकी ३० अशा असतात, हे प्रसिद्धच आहे. पीक बुडाले की क्योऽसाकु, खुनात वापरलेले हत्यार क्योऽकि, सगळ्या अनर्थाचे मूळ तो गेनक्योऽ. म्हणजे या कांजीत नुसता जोर किंवा राग नाही, तिच्यात अनिष्टाची छाया आहे. क्योऽबोऽ आणि रानबोऽ यांच्यातला सगळा फरक या छायेत आहे, म्हणून ती पक्की धरून ठेवा.

लक्षात ठेवायला आणखी एक आधार : छातीची कांजी, म्हणजे मुने, तिच्या पोटात हीच फुली बसलेली आहे आणि तिचे चिनी वाचनही (चिनीतून आलेला उच्चार) क्योऽ असेच आहे.

जुन्या पुस्तकांत या कांजीच्या खाली दोन पाय जोडलेले दिसतील. ते जुने रूप आहे. १९५६ मध्ये राष्ट्रीय भाषा परिषदेने मर्यादित कांजींत लिहिता यावे म्हणून सम-उच्चारी अक्षरे बदलून घेण्याची यादी दिली, तेव्हापासून पायांशिवायचे रूप रूढ झाले. अर्थ तोच.

दुसरी कांजी बोऽ. १५ रेघा. तीन मजले : वर सूर्य (४ रेघा), मध्ये ‘एकत्र’ या अर्थाचा घटक (६), खाली पाण्याचे खालच्या बाजूला बसणारे रूप (५). तळमजल्यावर लोक नेहमीचे चार रेघांचे पाणी काढतात आणि एकूण १४ भरतात. लिहून झाल्यावर रेघा मोजा, १४ आल्या तर चूक तिथेच आहे. मधल्या घटकाचे दोन पाय दोन्ही बाजूंना लांब पसरवा, म्हणजे खालचे पाणी त्यांच्या आडोशाला बसते. ते आखूड ठेवले तर अक्षर उंच आणि चिरडलेले दिसते.

तिथे पाणी का आहे? मुळात ते पाणी नव्हतेच, तांदूळ होते. दोन हातांनी धान्य उन्हात उघडे घालणे, असे मूळ चित्र. म्हणून या कांजीचा एक अर्थ ‘उघडे पाडणे’ असा आहे. अबाकु म्हणजे बिंग फोडणे आणि बाकुरो म्हणजे गौप्यस्फोट. बाकुरोमध्ये वाचन बोऽ नसून बाकु आहे, हे परीक्षेत आवडीने विचारतात. या कांजीच्या डाव्या बाजूला अग्नी जोडला की १९ रेघांची ‘स्फोट’ ही कांजी होते, तीही बाकुच. दोन्ही एकाच दिवशी शिका.

‘मर्यादा सोडून उसळणे’ हा दुसरा अर्थ, आणि व्यवहारात तोच जास्त भेटतो : बोऽफुऽ वादळी वारा, बोऽराकु भाव गडगडणे, बोऽसोऽ बेफाम धावत सुटणे, बोऽइन-बोऽशोकु बेसुमार खाणेपिणे, अबारेरु धिंगाणा घालणे. यांतल्या कुणाच्याही मनात वाईट हेतू असायला नको. वारा दुष्ट नसतो. अशुभाची कांजी पुढे लागली की मगच तो बेफामपणा माणसाच्या किंवा जनावराच्या जिवावर उठतो.

चाळणी : कुठला शब्द कुठे

शब्द निवडताना स्वतःला चार प्रश्न याच क्रमाने विचारा. हिंसा करणारा कोण, माणूस की जनावर? आपण कृतीबद्दल बोलतो आहोत की स्वभावाबद्दल? त्याच्याकडे अधिकार आहे का? जीव जाण्याचा धोका आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर क्योऽबोऽ बाजूला ठेवा. पुष्कळ चुका एवढ्यानेच टळतात.

रानबोऽ हा सगळ्यांत सैल आणि रोजचा शब्द. धसमुसळेपणा, दांडगाई, आदळआपट. दोआ ओ रानबोऽ नि शिमेरु : दार धाडकन लावतो. कोतोबाझुकाइ गा रानबोऽ दा : बोलणे उर्मट, तोंडाळ आहे. गिचमिड अक्षरालाही रानबोऽ म्हणतात, आणि पुरावा नसताना ठोकून दिलेल्या युक्तिवादालाही.

सोबोऽ हा वागण्याविषयीचा लेखी शब्द. सोबोऽ ना फुरुमाइ म्हणजे मारकुटे, रांगडे वर्तन. शाळेचे अहवाल, न्यायालयाचे निकाल आणि पोलिसांची आकडेवारी इथे तो राहतो. पोलिसांच्या वर्गवारीत सोबोऽहान या सदरात मारहाण, इजा करणे, धमकी, खंडणी आणि हत्यारांसह जमाव जमवणे हे गुन्हे येतात, तर क्योऽआकुहान या सदरात खून, जबरी चोरी, जाळपोळ आणि बलात्कार. ही दोन सदरे शेजारी ठेवून पाहिली की ‘सो’ आणि ‘क्योऽ’ यांच्या वजनातला फरक कुठल्याही व्याख्येपेक्षा स्पष्ट दिसतो. सोबोऽ माणूस ठोसा मारतो. क्योऽ लागलेला माणूस जीव घेतो.

ओऽबोऽ म्हणजे अरेरावी, जुलूम. त्याला अधिकार लागतो. ओऽबोऽ ना जोऽशि : मनमानी करणारा वरिष्ठ. रस्त्यावरच्या गुंडाला हा शब्द लावत नाहीत, कारण त्याच्याकडे खुर्ची नसते. हाताने मारले नसले तरी चालते, आडव्या हुकमाने नाडले की पुरे. यातली ओऽ ही कांजी ‘आडवे’ या अर्थाचीच आहे, आपण ‘आडमुठा’ म्हणतो ते आठवा.

दोऽमोऽ म्हणजे हिंस्र, आणि तो मुख्यतः जनावरांसाठी. दोऽमोऽ ना याजुऽ : हिंस्र श्वापद. पहिली कांजी नेहमीच्या वापराच्या अधिकृत यादीत नसल्याने वर्तमानपत्रे तिच्या जागी हिरागाना या ध्वनिलिपीत ‘दोऽ’ लिहितात. तिचे नेइमोऽ असे चुकीचे वाचन जपानी माणसांकडूनही होते, कारण तिच्या उजव्या अंगाला स्वतंत्रपणे नेइ वाचतात. दुसरी कांजी मोऽ कामाची आहे : दारावरच्या पाटीवर ‘कुत्र्यापासून सावध’ या अर्थी मोऽकेन, आणि ३५ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाचा दिवस मोऽशोबि. हवामान खात्याने हा शब्द २००७ पासून वापरात आणला.

क्योऽआकु ही क्योऽबोऽची सख्खी बहीण, पण ती गुन्ह्याकडे पाहते. क्योऽआकु ना जिकेन : निर्घृण गुन्ह्याची घटना. कुत्रा क्योऽआकु असे म्हणत नाहीत.

आता क्योऽबोऽ. तो माणसालाही लागतो आणि जनावरालाही, आणि त्यात स्वभावातला किंवा अंगात संचारलेला जीवघेणेपणा असतो. दोऽमोऽशी त्याचा फरक असा : दोऽमोऽ जातीचा गुण सांगतो, झोपलेला वाघही दोऽमोऽच. क्योऽबोऽ त्या त्या जिवाबद्दल बोलतो आणि तो बदलू शकतो. १९१५ च्या डिसेंबरात होक्काइदोतल्या सानकेबेत्सु येथे एका तपकिरी अस्वलाने ७ माणसे मारली. तपकिरी अस्वल ही जात दोऽमोऽ, पण वस्तीत पुन्हा पुन्हा शिरणारे ते एक अस्वल क्योऽबोऽ.

वेडाची कांजी घेऊन लिहिलेला दुसरा क्योऽबोऽ म्हणजे पिसाळलेला, चवताळलेला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाला क्योऽकेनब्योऽ म्हणतात, त्यात तीच कांजी आहे. भान सुटून होणारा थैमान दाखवायचा असेल तर ती. थंड डोक्याची क्रूरता दाखवायची असेल तर अशुभाची कांजी. शंका असेल तर अशुभाची लिहा, वर्तमानपत्रांत आणि परीक्षेच्या तयारीत तीच जास्त भेटते.

झाननिन, झानग्याकु आणि झानकोकु हे तिघे वेगळ्या गल्लीतले, क्रूरतेचे. तिथे दुसऱ्याच्या वेदनेविषयी निर्ममपणा असतो, बेफामपणा नसतो. त्यांना इथे आणून गोंधळ वाढवू नका.

वाक्यात बसवताना

क्योऽबोऽ हे ना-विशेषण आहे. नामापूर्वी ना : क्योऽबोऽ ना सेइकाकु, हिंस्र स्वभाव. वाक्याच्या शेवटी दा : तेओइ नो कुमा वा क्योऽबोऽ दा, जखमी अस्वल जिवावर उठलेले असते. बदल दाखवायला नि नारु : कारे वा साके ओ नोमु तो क्योऽबोऽ नि नारु, दारू पोटात गेली की तो मारायला उठतो. नाम हवे असेल तर क्योऽबोऽसेइ, आणि ‘हिंस्र होत जाणे’ यासाठी क्योऽबोऽका सुरु (जपानी सुरु म्हणजे ‘करणे’).

यातला का गाळून क्योऽबोऽ सुरु असे कधीही म्हणू नका. तसे क्रियापद या शब्दाला नाही, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर ‘कट रचतो’ असेच पडते. ‘कुत्रा कट रचतो’ असे वाक्य तयार होते. ऐकण्याच्या परीक्षेत हेच उलटे वापरा : पुढे सुरु किंवा त्याची शिता, शिते ही रूपे आली तर कट. पुढे ना किंवा नि नारु आले तर हिंसा.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. रानबोऽ विशेषण म्हणून निरुपद्रवी असले तरी एखाद्या स्त्रीबद्दल रानबोऽ सुरु हे क्रियापद वापरले की त्याचा अर्थ लैंगिक अत्याचार असा होतो. बातम्यांत बलात्कार हा शब्द टाळण्यासाठी तो आणि बोऽकोऽ हे शब्द वर्षानुवर्षे वापरले गेले. धाकट्या भावाने बहिणीला ढकलले एवढेच सांगायचे असेल तर हे क्रियापद टाळा, ‘ढकलले’ किंवा ‘मारले’ असे साधे सांगा. कायद्यात बोऽकोऽचा अर्थ वेगळा आणि नेमका आहे : दंडसंहितेच्या कलम २०८ नुसार अंगावर बळ वापरले पण इजा झाली नाही तर बोऽकोऽ, इजा झाली तर कलम २०४ खालचा शोऽगाइ. बातमीत दोनपैकी कुठला शब्द आहे त्यावरून समोरच्याला लागले की नाही ते कळते.

समोर बसलेल्या माणसाला किंवा त्याच्या ओळखीच्यांना क्योऽबोऽ म्हणू नका. तो राग व्यक्त करणारा शब्द नाही, माणसाच्या मुळावर मारलेला शिक्का आहे. कचेरीत कुणाच्या चढ्या आवाजाबद्दल सांगायचे तर कोऽगेकितेकि, म्हणजे आक्रमक, एवढे पुरते.

काही जोड्या आहेत तशा पाठ करा, त्यांतले क्रियापद बदलत नाही. बोऽर्योकु ओ फुरुउ, हिंसा करणे. बोऽगेन ओ हाकु : हाकु म्हणजे ओकणे, म्हणजे आपले ‘गरळ ओकणे’ जवळजवळ शब्दशः. किबा ओ मुकु, सुळे दाखवणे. क्योऽबोऽ ना होनशोऽ ओ आरावासु, मूळचे हिंस्र रूप उघड करणे. मोऽइ ओ फुरुउ, वादळाने किंवा साथीच्या रोगाने थैमान घालणे.

सराव

एन१ म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची सर्वांत वरची पातळी. तिच्या शब्दविभागात साधारण २५ प्रश्न असतात : वाचनाचे ६, गाळलेल्या जागेचे ७, समानार्थाचे ६ आणि वापराचे ६. वापराच्या प्रश्नात एकच शब्द चार वाक्यांत घालून दिलेला असतो आणि बरोबर बसलेले वाक्य ओळखायचे असते. तिथे अर्थ पाठ असून भागत नाही. २०१० पासून परीक्षेची अधिकृत शब्दयादी प्रसिद्धच होत नाही, त्यामुळे एखाद्या ॲपने शब्दावर मारलेला एन१ चा शिक्का हा अंदाज असतो. म्हणून शब्द एकेकटा न शिकता कुटुंबासह शिका.

पाठांतराच्या पत्त्यावर पुढे शब्द आणि मागे अर्थ असे लिहू नका. पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग लिहा, मागे जपानी शब्द आणि त्याच्यापुढचे नाम. एका शब्दाला तीन पत्ते पुरतात : एक बरोबर प्रसंग, एक शेजारच्या शब्दाचा प्रसंग, एक वाचनाचा. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी फिरवा. चुकलेला पत्ता पुन्हा पहिल्या दिवसावर आणा.

त्याच्या जोडीला राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेचा, जिला जपानी लोक कोकुगोकेन म्हणतात, सुमारे १० कोटी शब्दांचा लिखित जपानीचा साठा वापरा. शोऽनागोन नावाच्या त्यांच्या मोफत शोधात शब्द आणि पुढे ना असे टंका. एका वेळी जास्तीत जास्त ५०० वाक्ये दिसतात. त्यांतली पन्नास घ्या आणि ना नंतरचे नाम फक्त वहीत उतरवत जा. माणूस, जनावर, गुन्हा, वस्तू असे चार रकाने करा. रानबोऽ, क्योऽबोऽ आणि दोऽमोऽ यांचे रकाने शेजारी भरले की कोश बंद करून ठेवता येतो. यात सगळा मिळून दीड तास जातो.

आता स्वतःची परीक्षा घ्या. खेळणी आपटणारा, पुस्तकाची पाने फाडणारा चार वर्षांचा मुलगा : रानबोऽ. सभेत कुणालाच बोलू न देता निर्णय लादणारा अध्यक्ष : ओऽबोऽ. प्राणिसंग्रहालयात मगरीच्या कुंपणावरची माहिती : दोऽमोऽ. वर्गात वारंवार हाणामारी करणाऱ्या मुलावरचा शाळेचा लेखी शेरा : सोबोऽ. एरवी शांत असलेली कुत्री पिल्ले झाल्यापासून अंगावर धावून येते, चावा घेते : क्योऽबोऽ नि नात्ता, आणि इथे दोऽमोऽ लिहिले तर चूक, कारण बदल झालेला आहे. अख्ख्या कुटुंबाच्या खुनाची बातमी : क्योऽआकु ना जिकेन. त्याच बातमीत पुढे आरोपीचा स्वभाव कसा होता हे सांगणारे वाक्य आले, की तिथे क्योऽबोऽ ना सेइकाकु.